रोज शट डाउन करूनही लॅपटॉपची रॅम भरलेलीच? आधी अप टाइम बघा

१९ तारखेला रात्री साडेनऊला वहिनींचा फोन. "भाऊजी, परत तेच झालंय, नुसतं गोल फिरतंय, उद्या वीस तारीख आणि अजून चार जणांचं थ्रीबी राहिलंय." ज्यांचा जीएसटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी ची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २० असते, त्यामुळे १८-१९-२० हे तीन दिवस आमच्या सांगलीच्या घरात कुणी जोरात बोलत पण नाही. वहिनी घरूनच पाच-सहा दुकानदारांचं अकाउंटचं काम बघतात, एक टॅली, एक क्रोम, एखादी एक्सेल शीट, बास. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही, काहीच जड नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कऐवजी येणारी वेगवान डिस्क) असलेला, विंडोज ११ वाला. म्हणजे एवढ्या कामाला अडायचं काहीच कारण नाही, तरी अडतो.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. दिवाळीच्या आधी असंच झालं तेव्हा दुकानात नेला, त्याने फॉरमॅट मारून दिला, दहा-पंधरा दिवस पळाला, मग परत ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा नेला तर म्हणाला रॅम कमी पडते, वाढवून घ्या. मधे दादाने कुठला तरी रॅम साफ करणारा क्लीनर टाकून ठेवला. मीसुद्धा फोनवर दोनदा "क्रोमचे टॅब बंद करा वहिनी" एवढंच सांगून मोकळा झालो होतो, न बघता. तर ही पोस्ट त्या सगळ्याचं प्रायश्चित्त समजा, कारण खरं कारण शेवटी निघालं ते यातल्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं, आणि ते शोधायला लागणारी सगळी माहिती पहिल्या दिवसापासून टास्क मॅनेजरमध्ये समोरच होती.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेक लोक इथे प्रोसेसेसच्या यादीत मेमरीच्या कॉलमवर क्लिक करतात, सगळ्यात वर जो दिसेल त्याला गुन्हेगार ठरवतात आणि एंड टास्क मारतात. मी पण तेच केलं. वर क्रोम होता ९०० एमबीच्या आसपास, मग विंडोज डिफेंडरचा तो अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, मग टॅली, मग बारीकसारीक. कॉलमच्या डोक्यावर आकडा ८८ टक्के. आता ७.८ जीबीचे ८८ टक्के म्हणजे ६.९ जीबी वापरात. पण यादीतले आकडे मी बोटावर मोजून बघितले तर सगळे मिळून पावणेतीन जीबीच्या वर जाईनात. म्हणजे चार जीबी गेली कुठे? किराणा दुकानाच्या वहीत असा फरक आला असता तर वहिनींनी रात्रभर झोप घेतली नसती, पण लॅपटॉपच्या बाबतीत आपण ही बेरीज करतच नाही. ही बेरीज करा. बेरीज साधारण जुळत असेल तर तुमचा प्रॉब्लेम एखाद्या प्रोग्रॅमचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. बेरजेत दोन-तीन-चार जीबीचं भगदाड असेल तर यादीतलं काहीही बंद करून उपयोग नाही, चोर यादीतच नाहीये.

थोडं मूळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं नुसतं बटणं दाबणं होईल. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. जे काम आत्ता चालू आहे त्याचं सामान ओट्यावर लागतं. ओटा भरला की विंडोज गप्प बसत नाही, आत्ता ज्याची गरज नाही ते उचलून माळ्यावर ठेवतं, त्या जागेला पेजफाइल म्हणतात, आणि परत लागलं की खाली आणतं. आता वेगाचा फरक बघा. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून १०० मायक्रोसेकंदच्या घरात, आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून ८-१० मिलिसेकंद. हे आकडे असे वाचून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून ओट्यावरचं मीठ उचलायला १ सेकंद लागतो असं धरा, तर एसएसडीच्या माळ्यावरून तेच मीठ आणायला १७ मिनिटं लागतील आणि हार्डडिस्कच्या माळ्यावरून एक दिवस आणि वर चार तास. म्हणून रॅम भरल्यावर लॅपटॉप थोडा हळू होत नाही, तो एकदम बसतोच. क्लिक केलं की काही नाही, मग दहा सेकंदांनी तिन्ही क्लिक एकदम लागू होतात. प्रोसेसर बघावा तर १० टक्क्यांवर आरामात बसलेला असतो. बिचारा मिठाची वाट बघत असतो.

आता टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडा. पोस्टमधलं एकच पान नीट वाचायचं असेल तर हे. इथे इन यूज म्हणजे खरोखर वापरात असलेली, शेजारी कंसात कॉम्प्रेस्ड लिहिलेलं असतं. विंडोज १० पासून विंडोज कमी वापरातला डेटा माळ्यावर टाकायच्या आधी ओट्यावरच दाबून छोटा करून ठेवतं, ते हे. त्याच्या खाली कॅश्ड. यावरून ऑनलाइन फार गोंधळ आहे. "विंडोज रिकामी रॅम कॅशसाठी वापरतं, म्हणून ८५ टक्के दिसणं नॉर्मल आहे" असं तुम्हाला दर दुसरा माणूस सांगेल. अर्धं खरं आहे. विंडोज रिकाम्या जागेत आधी वापरलेल्या फाइली ठेवतं हे बरोबर, सिसमेन नावाची सर्व्हिस, जिला पूर्वी सुपरफेच म्हणायचे, ती तर तुम्ही रोज काय उघडता ते बघून आधीच आणून ठेवते. पण ही जागा मागितली की लगेच सोडली जाते आणि म्हणूनच टास्क मॅनेजर तिला अव्हेलेबलमध्ये धरतो, त्या टक्क्यांत धरत नाही. म्हणजे तो ८८ टक्के आकडा कॅश सोडूनचा आहे. ज्याला ८८ दिसतंय त्याचं ओझं खरं आहे, त्याला "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवू नका.

कमिटेडमध्ये दोन आकडे असतात, मधे तिरकी रेघ. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने जेवढ्या मेमरीचा शब्द दिलाय तो, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल मिळून जास्तीत जास्त किती देता येईल तो. हे दोन्ही जवळ आले की मग मेमरी संपल्याचा मेसेज येतो आणि क्रोमचे टॅब पटापट मरायला लागतात. वहिनींचं अजून तिथपर्यंत गेलं नव्हतं.

हार्डवेअर रिझर्व्हड म्हणून एक ओळ असते. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे डिस्प्लेसाठी रॅमचाच तुकडा बाजूला काढलेला असतो. काहींच्यात १००-२०० एमबी, पण काही लॅपटॉपमध्ये सरळ २ जीबी, मग माणूस ८ जीबीचा लॅपटॉप घेतो आणि वापरायला ५.९ मिळते. बिघाड नाहीये तो. कमी करायची सोय असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये असते, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती पण नसते.

आणि आता आमचा चोर. त्याच पानावर खाली कोपऱ्यात पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल अशा दोन ओळी असतात ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. मी पण वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. नॉन-पेज्ड पूल म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर अशा भागांशी विंडोजचं बोलणं करून देणारं सॉफ्टवेअर) यांच्यासाठी राखलेली मेमरी, आणि नावाप्रमाणे ही कधीच माळ्यावर जात नाही, कारण ड्रायव्हरला काही कामं अशा क्षणी करावी लागतात की तेव्हा डिस्कची वाट बघत थांबणं चालतच नाही. ओट्यावर सिमेंटने चिकटवलेली भांडी म्हणा. धडधाकट लॅपटॉपवर हा आकडा काहीशे एमबी असतो. वहिनींच्या लॅपटॉपवर ३.३ जीबी होता.

एखादा ड्रायव्हर मेमरी मागतो, काम झालं की परत करायची असते, ती तो विसरतो, पुढच्या वेळी परत मागतो, परत विसरतो. याला लीक म्हणतात. प्रत्येक वेळी थेंबभरच, पण टाकीचा नळ गळत राहिला की सकाळपर्यंत टाकी रिकामी व्हायची तशी हळूहळू रॅम संपते. आणि हे यादीत कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर दिसत नाही, कारण मागणारा प्रोग्रॅम नाहीच, ड्रायव्हर आहे.

इथे मला वाटलं सापडलं, आणि लगेच गाडी अडली. कारण लीक असेल तर लॅपटॉप बंद करून चालू केला की सगळं शून्यावर यायला हवं ना. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही बंद करता का नुसतं झाकण मिटता?" तर त्या जरा रागावल्याच. "रोज रात्री शट डाउन करते भाऊजी, तुमच्या दादांसारखी नाही मी." आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. मग परफॉर्मन्समध्येच सीपीयूवर क्लिक केलं, तिथे खाली अप टाइम असतो, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे. पहिला आकडा दिवसांचा. होता ३१.

रोज रात्री बंद होणारा लॅपटॉप ३१ दिवस सलग चालू. दोघंही खरं बोलत होते, वहिनी पण आणि टास्क मॅनेजर पण. भानगड आहे फास्ट स्टार्टअपची. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हापासून शट डाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि चालू असलेले ड्रायव्हर यांची जशीच्या तशी अवस्था डिस्कवरच्या एका फाइलीत लिहून ठेवली जाते, आणि सकाळी पॉवर बटण दाबलं की नव्याने सुरुवात करण्याऐवजी ती फाइल परत रॅममध्ये ओतली जाते. म्हणून लॅपटॉप पटकन सुरू होतो. आणि म्हणूनच गळालेली मेमरी पण इमानेइतबारे परत येते. नॉन-पेज्ड पूल काल रात्री ३.३ जीबी असेल तर आज सकाळी चहाच्या आधी ३.३ जीबीच. रीस्टार्ट मात्र पूर्ण असतो, तिथे गाभा नव्याने सुरू होतो. म्हणजे गंमत अशी की शट डाउन करून परत चालू करणं हे रीस्टार्टपेक्षा कच्चं काम आहे, आणि आपल्याकडे सगळे समजतात उलटं.

रात्री दहा वाजता रीस्टार्ट केला. वापर ८८ वरून ४६ टक्के, नॉन-पेज्ड पूल ३०० एमबीच्या आत. वहिनींनी साडेअकरापर्यंत चारही रिटर्न भरले. तुम्हाला घाई असेल तर पोस्ट इथेच सोडली तरी चालेल, रीस्टार्ट करा आणि कामाला लागा. फक्त स्टार्टमधल्या रीस्टार्टवर साधं क्लिक करा, शिफ्ट दाबून नको, नाहीतर तो निळा रिकव्हरीचा मेन्यू येतो आणि घाबरायला होतं. उलट शट डाउनवर शिफ्ट दाबून क्लिक केलं तर त्या एका वेळेपुरता लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद होतो.

पण नळ गळतच होता. तेव्हा वहिनींना सांगितलं की रोज संध्याकाळी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा, आणि फास्ट स्टार्टअप मुद्दाम चालूच ठेवलं, बंद केलं असतं तर रोज सगळं पुसलं जाऊन काही कळलं नसतं. पहिल्या दिवशी वाढ ६० एमबी. दुसऱ्या दिवशी २००. तिसऱ्या दिवशी परत थोडीच. विचारलं दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलं, तर काही नाही म्हणाल्या, मग मागून आवाज आला, "मी यूट्यूब बघत होतो." पुतण्या. शाळेतून आल्यावर तीन तास लोकांना गेम खेळताना बघत होता, स्वतः खेळत पण नाही, काय मजा येते कुणास ठाऊक. पण यावरून एक कळलं की जितका नेटचा डेटा जास्त जातो तितकी गळती जास्त, म्हणजे संशय वायफायच्या ड्रायव्हरवर.

खात्री करायची सोपी युक्ती सांगतो, याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. दोन दिवस लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर नेट चालवलं. पुतण्याला मुद्दाम तीन तास यूट्यूब लावून दिलं, तो म्हणाला काका रोज असं टेस्टिंग करत जाऊ. पूल जागेवरून हलला नाही. परत वायफायवर आलो, परत वाढला. बास, पुरावा झाला. हीच पद्धत बाकीच्या गोष्टींना पण चालते, प्रिंटर काढून बघा, बाहेरून टाकलेला अँटीव्हायरस काढून बघा, व्हीपीएन असेल तर ते काढून बघा, एका वेळी एकच, आणि आकडा लिहून ठेवायचा. आकडा न लिहिता केलेल्या टेस्टिंगला काही अर्थ नाही, दोन दिवसांनी "मला वाटतं जरा बरं चाललंय" एवढंच उरतं.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी पूलमॉन म्हणून मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या किटमध्ये येतं. काळ्या खिडकीत प्रत्येक ओळीला चार अक्षरांचा एक टॅग आणि त्याने किती मेमरी धरलीय ते दिसतं, बी दाबलं की जास्तवाले वर येतात, पी दाबून नुसता नॉन-पेज्ड बघता येतो. वरचा टॅग उचलायचा आणि सिस्टम ३२ च्या आत ड्रायव्हर्स नावाच्या फोल्डरमधल्या फाइलींत तो मजकूर शोधायचा, ज्या फाइलीत सापडेल ती संशयित. आमच्याकडे वायफायचीच फाइल निघाली. पण खरं सांगू, एवढं मोठं किट उतरवण्यापेक्षा पुतण्या आणि यूएसबी केबल स्वस्त पडली.

एक इशारा. नॉन-पेज्ड पूल असं शोधलं की ऑनलाइन पहिला उपाय दिसतो तो म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत जाऊन एनडीयूची स्टार्ट व्हॅल्यू ४ करा. एनडीयू म्हणजे कुठल्या ॲपने किती डेटा वापरला ते मोजणारा विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर, आणि काही लॅपटॉपवर काही नेटवर्क ड्रायव्हरबरोबर त्याचा प्रॉब्लेम होतो, तिथे हा उपाय लागू पडतो हे खरंय. मी पण आधी हाच करून बघितला, आमच्याकडे शून्य फरक, उलट डेटा वापराचा हिशोब दिसायचा बंद झाला. परत होता तसा केला. रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी टेदरिंगची टेस्ट करा, मग ठरवा.

उपाय शेवटी साधाच होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हरच्या टॅबमध्ये तारीख आणि व्हर्जन लिहून घेतलं. रोल बॅकचं बटण फिकट होतं, म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लक नव्हता. मग लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावर मागच्या बाजूचा मॉडेल नंबर टाकून तिथला त्यापेक्षा नवा वायफाय ड्रायव्हर उतरवला, टाकला, रीस्टार्ट. कुठल्या तरी ड्रायव्हर अपडेटर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून हे करू नका प्लीज, त्यातले निम्मे स्वतःच एक दुखणं असतात. आणि दुकानात फॉरमॅट मारून पंधरा दिवसच का टिकलं तेही इथे कळलं, फॉरमॅटनंतर विंडोजने तोच गळका ड्रायव्हर परत आपोआप टाकला होता. दुकानदाराची पण काही चूक नाही म्हणा, त्याच्या टेबलवर तर तो लॅपटॉप पळतच होता.

नवीन ड्रायव्हरवर फास्ट स्टार्टअप चालू ठेवूनच बारा दिवस बघितलं, पूल २८० ते ३३० च्या मधेच खेळत राहिला. मग फास्ट स्टार्टअप बंद करून टाकलं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवायची लिंक, तिथे वरती आत्ता न बदलता येणाऱ्या सेटिंग्ज बदला अशी ओळ असते त्यावर क्लिक केलं की खालची टिक काढता येते. काही जण म्हणतील आता गरज काय. एसएसडीवर फरक काही सेकंदांचा पडतो आणि त्या बदल्यात शट डाउन म्हणजे शट डाउन होतं, मला सौदा पटला. तुमच्याकडे फिरती हार्डडिस्क असेल तर सकाळी जास्त थांबावं लागेल, मग आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायची सवय लावा आणि टिक तशीच राहू द्या.

आता ज्यांची बेरीज जुळते त्यांच्यासाठी. दहातल्या आठांचं उत्तर ब्राउझर असणार, यात काही रहस्य नाही. क्रोम २००८ ला आला तेव्हापासूनच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, म्हणजे एक टॅब मेला तरी बाकीचे जगतात, आणि २०१८ ला आवृत्ती ६७ पासून सुरक्षेसाठी प्रत्येक वेबसाइट वेगळी कोंडायला लागला, तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं की यामुळे १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल. म्हणजे क्रोम खादाड आहे, पण उगाच नाही. क्रोम उघडून शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, हा फार लोकांना माहीत नाही, त्यात कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते नावानिशी दिसतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर कूपन शोधून देणारं एक एक्स्टेन्शन ७०० एमबी घेऊन बसलेलं सापडलं, आयुष्यात एक रुपया वाचवला नव्हता त्याने. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा, न वापरलेले टॅब झोपवून ठेवतो. पण ज्या टॅबमध्ये मोठा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय, उदाहरणार्थ जीएसटीचं पोर्टल, ती साइट कायम जागी ठेवायच्या यादीत घाला. आणि क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवायची एक सेटिंग सिस्टमखाली असते, ती बंद करा. एजमध्ये तशीच स्टार्टअप बूस्ट म्हणून आहे, एज वापरत नसाल तर ती पण.

यादी बघताना एक फसगत होते. प्रोसेसेसमध्ये दिसणारी मेमरी म्हणजे त्या प्रोग्रॅमची आत्ता ओट्यावर असलेली मेमरी. रॅम भरल्यावर ज्याचं सामान माळ्यावर ढकललं गेलंय तो प्रोग्रॅम तिथे ४० एमबीचा गरीब दिसतो आणि खरं तर त्याने २ जीबी मागून ठेवलेली असते. म्हणून डिटेल्समध्ये जाऊन कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून कमिट साइझ हा कॉलम लावा आणि त्यावर सॉर्ट करा. एखादा प्रोग्रॅम दिवसभर नुसता वाढतच जातोय, कमी होतच नाही, असं दिसलं तर गळती त्याची, अपडेट करा नाहीतर दुसरा शोधा. स्टार्टअपची यादी पण एकदा बघाच, काहीही स्वतःहून सुरू होत असतं. आणि दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत, ट्रायल संपलेला तर मुळीच नको.

रॅम क्लीनरबद्दल बोलायलाच हवं कारण दादा अजून ऐकत नाही. ते सॉफ्टवेअर काय करतं तर चालू प्रोग्रॅमना सांगतं की ओटा रिकामा करा. सगळं सामान माळ्यावर जातं, टक्के धाडकन ८८ चे ५० होतात, हिरवी टिक येते, माणूस खूश. मग तुम्ही क्रोमवर क्लिक करता आणि सगळं सामान परत खाली आणायला लागतं. कपाट आवरायचं म्हणून सगळे कपडे पलंगावर ओतून कपाटाचा फोटो काढायचा, तसला प्रकार. नॉन-पेज्ड पूलला तर ते हातच लावू शकत नाही. दुसरा फुकटचा सल्ला म्हणजे पेजफाइल बंद करा, लॅपटॉप पळेल. पळत नाही. कमिटेडचा दुसरा आकडा खाली येतो आणि रॅममध्ये थोडी जागा असतानाही प्रोग्रॅम मरायला लागतात. ती सिस्टमकडेच सोपवा.

आणि खरंच रॅम कमी असेल तर? असतेच की. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे, पण ४ जीबीवर विंडोज ११ म्हणजे एका खोलीत बारा पाहुणे, राहता येतं, जगता येत नाही. रीस्टार्ट करून, फक्त रोजचं काम उघडून, तासाभराने मेमरीचे टक्के बघा. तेव्हाही ८५ च्या वर असेल आणि बेरीज जुळत असेल तर खर्च करा. विकत घ्यायच्या आधी मेमरीच्या त्याच पानावर स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर बघून ठेवा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवता येत नाही. काहींच्यात ४ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट असतो, वहिनींचा तसाच आहे, तिथे स्लॉटमधली ४ काढून ८ टाकली की १२ होते. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर४ च्या जागी डीडीआर३ किंवा ५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, तेव्हा मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा. आणि लॅपटॉपला अजून फिरती हार्डडिस्क असेल तर रॅमच्या आधी एसएसडी टाका, वरचा मिठाचा हिशोब आठवत असेल तर कारण परत सांगायला नको.

कुणाला इथे विचारायचं असेल तर "लॅपटॉप स्लो आहे, काय करू" एवढंच लिहू नका. रीस्टार्ट न करता, जेव्हा अडकलाय तेव्हाच, मेमरीच्या पूर्ण पानाचा फोटो आणि सीपीयूच्या पानावरचा अप टाइम टाका. रीस्टार्ट करून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही, पुरावा धुऊन निघालेला असतो.